पाण्याची वही

४ जानेवारी

वन्सं आज घरी आल्या. पुढे ॲम्ब्युलन्स, मागे ह्यांच्या छापखान्याचा टेम्पो, त्यात त्यांची बारा व्हायोलेटची झाडं. प्रदर्शनाला न्यायच्या खोक्यावर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलंय, 'आडवं करू नये'. झाडं उभीच्या उभी वर आली. वन्संना मात्र जिन्याच्या वळणावर आडवं, तिरकं, सगळं करावं लागलं.

उजवं अंग गेलंय. वाचाही गेली. फक्त एक शब्द राहिलाय, 'नको'. निघताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "त्यांना सगळं कळतं. पण हो म्हणायचं असलं तरी तोंडातून नकोच येईल. शब्दावर जाऊ नका, डोळ्यांकडे बघा. डावा हात चांगला आहे. हो असेल तर हात दाबायला सांगा." हे मान डोलावत होते. बहिणीच्या बाबतीत ह्यांची मान लहानपणापासून डोलतेच आहे.

वन्संनी चौतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव ठेवलं, मॅट्रिक. "मॅट्रिक, चहा टाक." "मॅट्रिकला काय विचारता, तिला काय कळतंय!" पाहुण्यांसमोरसुद्धा. लोक हसायचे, मीही हसायचे. एवढ्या बोलक्या बाईच्या हातात देवाने शेवटी एकच शब्द ठेवला. त्याच्याकडे सगळ्याची नोंद असते. असं लिहू नये. पण ही वही माझी आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

लेकीची खोली त्यांना दिली. पूर्वेची खिडकी पलंगाच्या डाव्या अंगाला, अगदी लागून आहे. तिच्या कट्ट्यावर तीन झाडं ठेवली, बाकीची स्वयंपाकघरात.

६ जानेवारी

पाण्याची वही केली, जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवून. हॉस्पिटलने सांगितलंय की वन्संना रोज किती पाणी दिलं ते लिहून ठेवा. झाडांचंही लिहायला हवंच. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे झाडं, उजवीकडे वन्सं. दोन वह्या कशाला?

खोक्यात वन्संची स्वतःची व्हायोलेटची वही सापडली. दुपारी भांडी आवरून वाचत बसले. पानावर पाणी पडलं की डाग उठतो, म्हणून पाणी खालून, बशीत द्यायचं. अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पुन्हा द्यायचं नाही. आणि एका पानावर लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून, 'व्हायोलेट तहानेने मरत नाहीत, लाडाने मरतात.'

बाई हुशार, यात वाद नाही. हे वाक्य मी कागदावर उतरवून देवाच्या तसबिरीखाली चिकटवलं.

९ जानेवारी

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, सोमवारी आणि शुक्रवारी. केस कापलेले, आवाज मोठा. वन्संचा मेलेला हात वर करते, खाली करते आणि "शाब्बास आत्या!" म्हणते, जसं काही हात वन्संनीच उचलला.

मला म्हणाली, "काकू, उजव्या हाताला आळशी होऊ देऊ नका हं. वस्तू त्या बाजूला ठेवा, जरा लांब. घ्यावंसं वाटलं की हात पुढे जाईल."

हे मला पटलं. पाण्याचा पेला डावीकडून उचलून उजवीकडच्या स्टुलावर ठेवला, जरा लांब.

१४ जानेवारी

आज चार चादरी. पाठीत कळ भरली. लंगोट आणायला सांगितले होते, पण एकदा वापरून फेकून द्यायची वस्तू घरात आणायला माझा हात होत नाही. जुनी धोतरं फाडून घड्या केल्यात.

पाण्याच्या वहीवरून एक गोष्ट ध्यानात आली. मी चमच्याने पाजत बसले की दिवसाला पाच पेले जातात आणि तीन-चार चादरी निघतात. नुसता पेला भरून ठेवला की एकच चादर. म्हणजे मी पाजते ते त्यांच्या तहानेपेक्षा जास्त होतं. जास्तीचं सगळं गादीत.

आता सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला जेवणाबरोबर दोन दोन चमचे. बाकी पेला भरलेला आहेच. तहान माणसाला हात पुढे करायला लावते. आणि मी विचारते, माझ्या मनाला लागून राहू नये म्हणून. "वन्सं, पाणी हवं?"

"नको."

लिहिलं, 'पेला भरला. विचारलं. नको.'

२० जानेवारी

व्हायोलेट क्लबच्या सेक्रेटरी बाई येऊन गेल्या. वन्संचा गाल थोपटला, दोन मिनिटं रडल्या आणि मग कट्ट्यावरच्या झाडांकडे वळल्या.

"ही धाकटी ना?"

मधलं झाड. जांभळ्या फुलाला पांढरी कड. दोन झाडांचा संकर करून वन्संनी स्वतः सात वर्षं खपून काढलंय, जगात दुसरं नाही म्हणे. त्याला त्या धाकटी म्हणतात.

"अठ्ठावीस मार्चला प्रदर्शन आहे. ताई ही धाकटी यंदा पहिल्यांदा मांडणार होत्या. आता कोण बघणार?"

"मी बघते आहे."

"तुम्ही?" बाईंनी माझ्या साडीच्या ओल्या काठाकडे पाहिलं. "नाही, म्हणजे, फार नाजूक काम असतं हो ते."

वन्सं पलंगावरून बघत होत्या. डोळ्यांत तेच. मॅट्रिक.

"तुम्ही फक्त सांगा," मी म्हटलं, "मी लिहून घेते."

बाईंनी सांगितलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येईल ती कळी खुडायची, म्हणजे झाड ताकद साठवतं आणि मार्चअखेर एकदम फुलतं. आणि रोज बशा भरत बसायला वेळ नसेल तर वातीची युक्ती. कुंडीच्या भोकातून दोरा ओवायचा, कुंडी पाण्याच्या बरणीच्या तोंडावर बसवायची, दोरा खाली पाण्यात. "झाड हवं तेवढंच पाणी ओढतं. बरणीवर खूण करून ठेवा, किती प्यालं ते दिसतं. तुम्हाला बघायलासुद्धा नको."

किती सोपं. ज्याला हवं ते त्याने घ्यावं.

२२ जानेवारी

बारा बरण्या जमवल्या, लोणच्या-मुरंब्याच्याच. पाण्यात नखभर निळं खत घालायचं असतं, तेही वन्संच्या खोक्यात होतं.

त्यांच्या वहीत वातीसाठी 'नायलॉनचा दोरा' लिहिलाय. घरात कापूस असताना दोरा विकत आणायचा? देवाच्या दिव्यासाठी मी रोज वाती वळते. त्याच जरा लांब आणि जाड वळल्या. देवाच्या वातीने झाडाचं वाईट कसं होईल?

वन्संच्या समोर बसूनच धाकटीला वात ओवली. कापूस बघून त्या खवळल्या. "नको! नको! नको!" डाव्या हाताने कट्ट्यावर थापट्या मारल्या, माझा पदर ओढला. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही तर सगळ्यालाच नको म्हणता. डॉक्टरांनी सांगितलंय मला, शब्दावर जायचं नाही."

मग मी बरण्यांवर खुणा केल्या.

२९ जानेवारी

स्वयंपाकघरातल्या बरण्या आठवड्यात दोन बोटं उतरल्या. आणि धाकटीची? तळाला गेली! तीन दिवसांत संपूर्ण बरणी. मी पुन्हा भरली. वहीत आनंदाने दोनदा गिरवून लिहिलं. डावीकडच्या रकान्यात एवढा मोठा आकडा पहिल्यांदाच.

उजवीकडे, 'पेला भरला. विचारलं. नको.'

३ फेब्रुवारी

धाकटीच्या शेवटच्या कळ्या खुडल्या, भुवया कोरायच्या चिमट्याने. एकवीस. वन्संच्या चादरीवर कागद पसरून त्यावर ठेवल्या, त्यांना दिसाव्यात म्हणून. डोळे मिटून घेतले त्यांनी. म्हटलं, "तुमचीच रीत आहे वन्सं. आधी सगळं खुडायचं आणि मग फुलण्याची वाट बघायची. माझं शिकायचं राहिलं ते नाही का तुम्ही असंच खुडलंत? पुढे परीक्षा द्यायची म्हणत होते तर म्हणालात, चूल सांभाळ आधी."

मग देवासमोर बसून क्षमा मागितली. आजारी माणसाशी असं बोलू नये.

धाकटीची बरणी आता दोन दिवसांत रिकामी होते.

१० फेब्रुवारी

वन्संचं पोट बिघडलंय. दिवसातून पाच वेळा. ओठांच्या कडेला निळसर डागही होता. आजारी माणसाचे ओठ निळे पडतातच, ओल्या फडक्याने पुसला, गेला. पोट बिघडलं की पातळ पदार्थ बंद, आमच्या घरी हीच रीत होती. दोन दिवस चमच्याचं पाणीही बंद केलं. पेला मात्र भरलेला ठेवला. कर्तव्यात कसूर नाही.

चादरीत मातीचे कण सापडले. शेजारी झाडं आहेत म्हणून हात घालतात, लहान मुलासारख्या मातीत खेळतात. रागावले. "नको," म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी

लेक दोन दिवस राहून आज गेली. आल्या आल्या आत्याच्या उशाशी बसली आणि चमच्याने पाणी पाजत सुटली. एका बैठकीत तीन पेले.

"आई, ही किती तहानलेली आहे गं!"

"कोणीही चमचा तोंडाशी धरला की तोंड उघडतंच. मी विचारते तेव्हा नको म्हणतात."

"अगं, नको हा एकच शब्द आहे तिच्याकडे! हात दाबायला सांग ना. आत्या, अजून पाणी हवंय का? बघ, बघ कशी दाबतेय! माझं हाड मोडेल."

"तू दोन दिवसांची पाहुणी. चादरी मलाच धुवायच्या आहेत."

"मग लंगोट आण! आणि पेला इकडे का ठेवतेस? डावीकडे ठेव."

ठेवला डावीकडे. हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं, तुम्ही दोघी हळू बोला, ताईला सगळं ऐकू जातं."

"बाबा, मग तुम्ही तरी द्या ना पाणी कधी."

हे म्हणाले, "मला नाही जमत गं ते. सांडतं."

निघताना पोरगी आत्याच्या गळ्यात पडून रडली. दोन दिवसांत सात चादरी. गाडी गेल्यावर पेला उजवीकडे ठेवला. व्यायाम मोडायला नको. लेकीचं काम तिकडे प्रयोगशाळेत रक्त तपासायचं आहे. माणसं सांभाळणं वेगळं.

एक मात्र आहे. ती होती त्या दोन दिवसांत धाकटीची बरणी एक रेघही उतरली नाही. घरात गडबड असली की झाडंसुद्धा बिचकतात.

२४ फेब्रुवारी

व्यायामवाली दहा-बारा दिवस येणार नाही. बहिणीचं लग्न आहे.

धाकटीचं काहीतरी बिनसलंय. पानं लोळतात, कडा मऊ पडल्यात. आणि पाणी तर पुन्हा पूर्वीसारखं पिते आहे, दोन दिवसांत बरणी रिकामी! एवढं पिऊन लोळायचं म्हणजे काय? शिवाय मी तिचं तोंड खिडकीकडे करून ठेवते आणि सकाळी बघते तर भिंतीकडे. झाड आपण होऊन फिरतं? देवाची लीला म्हणावी तर पानं का पडताहेत?

वन्संच्या वहीत बघितलं. लिहिलंय, 'पानं लोळली की तहान समजून पाणी घालू नये. मुळं कुजली तरी पानं तशीच लोळतात.' म्हणजे जास्त पिऊन कुजते आहे. लाड झाले.

२६ फेब्रुवारी

तिन्ही झाडं वन्संच्या खोलीतून उचलून स्वयंपाकघरात आणली. तिथे डोळ्यांसमोर राहतील.

उचलताना वन्संनी बरणी धरली. धाकटीची. डाव्या हाताने अशी पकडली की मला एकेक बोट सोडवावं लागलं. "नको. नको. नको." रडत होत्या. एवढा जीव झाडात! मी म्हटलं, "अहो, तुमच्याच झाडाच्या भल्यासाठी नेते आहे. प्रदर्शनाला मांडायचंय ना?"

वाईट वाटलं. दारातून मागे वळून म्हटलं, "रोज दाखवायला आणेन."

२ मार्च

देवाने माझ्या कष्टांकडे पाहिलं. तीन दिवसांत एक चादर. वन्सं आता शांत पडून असतात, थापट्या नाहीत, ओढाओढ नाही. झोप चांगली लागते आहे. हे म्हणाले, "ताई बरीच निवळली." दारातूनच म्हणाले.

अंग पुसताना ओलं फडकं चेहऱ्यावर फिरवलं तर त्यांनी ते दातात धरलं आणि चोखलं. सोडेचनात. म्हातारपण आणि बाळपण सारखंच. हळूच ओढून घेतलं, साबणाचं होतं.

डावीकडे: धाकटी, बरणी भरलेलीच. चार दिवसांत एक रेघ नाही उतरली.

उजवीकडे, 'पेला भरला. विचारलं.' आज नको पण म्हणाल्या नाहीत. ती जागा कोरी ठेवली.

५ मार्च

आज कळलं! आणि मी किती मूर्ख ते पण कळलं.

धाकटीची पानं पार बरणीच्या गळ्यावर लोंबायला लागली, कडेची तर कागदासारखी. बरणी काठोकाठ. धीर सुटला, कुंडी उचलली. वात तुटून बरणीत पडली होती. काळी, चिकट, कुजलेली. कापूस होता ना. कुंडीच्या बाजूचं टोक सुकून लाकूड झालेलं. माती हातात घेतली तर पिठासारखी उडाली. खाली बरणीभर पाणी आणि वर झाड तहानेने मरतंय! पंधरा-वीस दिवस तरी थेंब पोचला नसेल. आणि मी रोज भरलेली बरणी बघून निर्धास्त.

डोळ्यांत पाणी आलं. मुक्या जिवाने सांगायचं तरी कुणाला?

वन्संच्या वहीत उपाय होता. कोमट पाणी थोडं थोडं, दर पंधरा मिनिटांनी, मुळाशी. मग झाडावर प्लॅस्टिकची पिशवी तंबूसारखी धरायची, म्हणजे ओल उडत नाही. दुपारभर धाकटीपाशी बसले. जेवले नाही. चमचा चमचा पाणी घातलं, पानं पुसली, नाव घेऊन हाक मारली. पाच वाजता एक पान उभं राहिलं. बाकीच्या अकराही कुंड्यांच्या वाती बदलून नायलॉनचा दोरा घातला. देवाचे आभार मानले.

पाण्याच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, 'भांडं भरलेलं आहे म्हणून पाणी मिळालं असं समजू नये.'

मग बसल्या बसल्या एक प्रश्न पडला. वात तुटलेली होती तर वन्संच्या खोलीत बरणी रिकामी कशी होत होती? दोन दोन दिवसांत?

माळ घेतली. एकशे आठ नावं घेतली. ऊन. पूर्वेचं ऊन असतं तिथे. उन्हाने पाणी उडतं.

६ मार्च

धाकटीची सगळी पानं उभी राहिली! सेक्रेटरी बाईंना फोन केला. म्हणाल्या, "अहो, मरणाच्या दारातून आणलंत! हाताला गुण आहे तुमच्या. फूल यंदा नाही येणार, पण झाड आलं तरी पुष्कळ." चौतीस वर्षं शास्त्र शिकवून वन्संना तरी हे जमलं असतं का?

सांगायला गेले. वन्सं डोळे अर्धे उघडे ठेवून झोपल्या होत्या. जीभ सुकलेल्या पानासारखी. पेला भरला.

७ मार्च

फार घाईत लिहिते आहे. व्यायामवाली लग्नाहून परत आली. "आत्याऽ" म्हणत खोलीत गेली आणि तिथून ओरडली. वन्संच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली, तंबूसारखी. मी म्हटलं, वय झालं की कातडी सैल पडते. माझ्यावर खेकसली, "काकू, फोन करा! आधी फोन!" ॲम्ब्युलन्स. पुन्हा जिना. ह्यांना छापखान्यातून बोलावलं.

९ मार्च

सलाईनच्या चार बाटल्या गेल्या. वन्संनी डोळे उघडले. वरून पाणी, थेंब थेंब, नळीतून. मला धाकटीची आठवण झाली. तसंच हळूहळू चेहऱ्यात भरलं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पीत होत्या?"

मी पाण्याची वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली. 'पेला भरला. विचारलं. नको.' रोजचं, एक दिवस चुकलेला नाही.

"एवढी नीट नोंद आम्हाला वॉर्डातसुद्धा मिळत नाही हो," ते म्हणाले. "हे डावीकडे काय आहे?"

"ती झाडं."

"बरं. पाणी तर वेळेवर दिलेलं दिसतंय. लघवीचा जंतुसंसर्ग असावा, तपासू."

व्यायामवाली दाराशीच उभी होती. "डॉक्टर, पेला त्यांच्या उजवीकडे होता. लांब. हात पोचत नव्हता त्यांचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शांतपणे म्हटलं, "तूच सांगितलंस ना गं, वस्तू उजवीकडे ठेवा म्हणून? जरा लांब ठेवा म्हणालीस."

तिचं तोंड पांढरं पडलं. "मी... चेंडू, कंगवा, असं म्हणत होते काकू. पाणी नाही."

"तसं तू बोलली नाहीस."

पोरगी रडत गेली. ह्यांनी खाली बघितलं. डॉक्टर म्हणाले, "असो, यापुढे तासातासाला चमच्याने पाजा."

तासातासाला!

१४ मार्च

फोनवर लेकीशी वाद. "आत्याला मी नेते. नाहीतर एखाद्या संस्थेत ठेवू."

"तुझ्या दोन खोल्यांत? नोकरीला गेलीस की? आणि संस्थेत ठेवली तर लोक म्हणतील, भावजयीने टाकली. आजवर मी कुणाला बोट दाखवू दिलं नाही. सेवा मी मांडली आहे, मीच पुरी करणार."

"आई, सेवा तिला हवी का ते तरी विचार."

हे मधे म्हणाले, "हो, ताईलाच विचारू." एवढ्या वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा काही सुचवलं.

१५ मार्च

विचारलं. डॉक्टर, नर्स, हे, मी, सगळे पलंगाभोवती. डॉक्टरांनी वाकून विचारलं, "काय ताई, घरी जायचं ना?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे. आणि स्पष्ट, अगदी वर्गात म्हणत असतील तसं म्हणाल्या, "नको."

डाव्या हाताने पलंगाची कड धरली. पुन्हा, "नको."

ह्यांचा चेहरा पडला. मला हसू आलं. म्हटलं, "डॉक्टर, सुरुवातीलाच तुमच्याच इथे सांगितलं होतं ना आम्हाला? हो असलं तरी तोंडात नकोच येतं. शब्दावर जाऊ नका म्हणून."

"अरे हो!" डॉक्टर हसले. नर्सही हसली. हे सगळ्यात मोठ्याने हसले, सुटका झाल्यासारखे. "ताई, घाबरवलंस की!"

"डोळ्यांकडे बघायचं," मी म्हटलं. बघितलं. डोळे भरून आले होते. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. सगळ्यांना सांगितलं, आनंद झालाय त्यांना.

हात दाबायला सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्यांच्या हाताने तर पलंगाची कड धरलेली होती.

१७ मार्च

वन्सं घरी आल्या. व्यायामवालीला बंद केलं. तिच्या सांगण्यामुळेच घोटाळा झाला असं ह्यांनाही वाटतं. हातापायाचं मी बघेन, दोन महिने पाहून पाठ झालंय.

धाकटीने मध्यावर एक पान नवीन काढलंय, नखाएवढं, लवदार. तिला ओट्याजवळ चांगली जागा दिली.

वन्संची खोली पुसून काढली. खिडकीचा कट्टा मोकळा ठेवला आहे. तिथे आता झाड ठेवणार नाही, बरणी तर नाहीच. तिथलं पाणी उडतं. पलंगावर निजवल्याबरोबर वन्संनी मान डावीकडे वळवली. मग डाव्या हाताने कट्टा चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा एकदा चाचपला. मी घड्या केलेल्या धोतरांचा गठ्ठा पायथ्याशी ठेवला.

पाण्याच्या वहीचं नवं पान उघडून मधोमध रेघ मारली. पेला घासून, काठोकाठ भरून उजवीकडच्या स्टुलावर ठेवला. उजवा हात पुढे यायलाच हवा, नाहीतर कायमचा जाईल.

"वन्सं, पाणी हवं?"

माझ्याकडे बघत राहिल्या. मी थांबले. घाई केली नाही.

"नको."

लिहिलं.